बटणांचं दुकान आणि पुढची खोली

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीला इंग्लंडची ओळख झाली ती तिथल्या छोट्या दुकानांमधून. हॅबरडॅशर, आयर्नमाँगर, ड्रेपर, मिलिनर. अर्थासाठी शब्दकोश उघडावा लागे, पण दुकान लगेच डोळ्यांपुढे उभं राही. हॅबरडॅशरकडे सुया, रिबिनी, बटणं; आयर्नमाँगरकडे खिळे, कडीकोयंडे, रॉकेल; ड्रेपरकडे कापड; मिलिनरकडे बायकांच्या हॅट. एकेका धंद्याला स्वतःचं नाव आणि त्या नावामागे शतकांचा मान. लंडनमधल्या हॅबरडॅशरांच्या संघाला १४४८ साली राजाची सनद मिळाली, आयर्नमाँगरांना १४६३ साली.

लाकडी काउंटरपलीकडे मालाची नस जाणणारा माणूस उभा असे. तुटका स्क्रू घेऊन गेलात, तर तो हातात फिरवून बघायचा, नेमक्या खणातून त्याचा जोडीदार काढायचा आणि एकच हवा असेल तर एकच द्यायचा. हे ज्ञान उमेदवारीच्या वर्षांत कमावलेलं असे. त्यामुळे खरेदीला गेलेलं माणूस थोडं शिकूनच परत यायचं. त्या दुकानांचं खरं मोल मला इथे वाटतं.

मग १९५० साली सेन्सबरी या किराणा दुकानांच्या साखळीने क्रॉयडनला सेल्फ-सर्व्हिस दुकान सुरू केलं. १९६४ च्या कायद्याने उत्पादकाने ठरवलेल्या भावातच विकण्याचं बंधन बहुतेक मालावरून उठलं. मोठ्या दुकानांनी भाव पाडले आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं कंबरडं मोडलं. आता स्क्रू पाकिटात मिळतात, आणि कुठला बसेल हे सांगायला बहुधा कोणी नसतं.

दुकानांसारखीच इंग्रजी घरांतली एक खोलीही गेली, ती म्हणजे पार्लर. तिचं जाणं मला जास्त लागतं. श्रीमंतांच्या घरी ड्रॉइंग रूम असे. कामगारांच्या विटांच्या चाळवजा घरांत पुढची खोली म्हणजे पार्लर. सगळं कुटुंब मागच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने राही, पण पार्लर रविवारसाठी आणि पाहुण्यांसाठी राखलेलं. जमलं तर पियानो, खिडकीत ॲस्पिडिस्ट्राची कुंडी, खुर्चीच्या पाठीला डोक्याचं तेल लागू नये म्हणून विणलेला रुमाल. (ते रुमाल पुढे आपल्याही सोफ्यांवर आले.) घरातलं माणूस गेलं की शवपेटीही तिथेच ठेवत.

१९१८ साली सरकारी ट्यूडर वॉल्टर्स समितीने कामगारांच्या नव्या घरांचा विचार केला, तेव्हा पार्लरची ओढ शहरात आणि खेड्यात सारखीच दिसली. अनेक जाणकारांना ती जागेची उधळपट्टी वाटे. मला त्या कामगारांचंच म्हणणं पटतं. रोजच्या ओढाताणीतून एक खोली नीटनेटकी राखणं हा त्यांचा स्वाभिमान होता. येणाऱ्याला घरातली सर्वांत चांगली जागा द्यायची, एवढी साधी रीत त्यात होती. पुढे टीव्ही आला, मधली भिंत पडली, खोलीची लाउंज झाली. आज तिकडे गाईंचं दूध काढायचं पार्लर असतं, अंत्यविधीवाल्यांचं असतं. आपल्याकडे ब्यूटी पार्लर आणि आइस्क्रीम पार्लर.

काही जुनी इंग्रजी नावं मात्र आपल्या पाट्यांवर अजून टिकून आहेत. औषधांच्या दुकानावर ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ सर्रास दिसतं. आणि हॅबरडॅशरचा आपला भाऊबंद म्हणजे मॅचिंग सेंटर! साडीचा पदर दाराशी उजेडात नेऊन, दहा हिरव्यांतला नेमका हिरवा अस्तराला काढून देणारा तो माणूस त्याच जातकुळीचा.

लंडनमध्ये न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जेम्स स्मिथ अँड सन्स हे छत्र्या आणि काठ्यांचं दुकान आहे. १८३० पासूनची ही पेढी आजही चालू आहे. मुलांकडे तिकडे गेलात तर जरूर जा. पण त्याआधी आपल्या पेठेतल्या बटणवाल्याकडे जा. फॉल, लेस, हूक ऑनलाइन मागवू नका. त्याच्याकडून घ्या, आणि घासाघीस न करता घ्या.