दादांच्या तिकिटांची खतावणी

व्यापारी घरातील कर्ता माणूस गेला की दिवसकार्य आटोपल्यावर वह्या उघडल्या जातात. येणे किती, देणे किती, याचा मेळ घातला जातो. आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, गेले तेव्हा दुकानाचा हिशेब दोन दिवसांत पुरा झाला. हिशेब लागेना तो त्यांच्या कपाटातील सात अल्बमांचा. चाळीस वर्षे दादांनी केवळ सोव्हिएत रशियाची टपाल तिकिटे जमवली होती. आणि दुकानातील खिळ्यामोळ्यांचीही नोंद ठेवणाऱ्या या गृहस्थाने तिकिटांची यादी मात्र कधी केली नव्हती.

शहरातील एक तिकीट-विक्रेते घरी आले. दोन तास शांतपणे सगळे अल्बम चाळून त्यांनी अठरा हजार रुपये एकरकमी देऊ केले. पुतण्या संतापला. "बाबांची चाळीस वर्षे अठरा हजारांत?" असे म्हणून तो थांबला नाही, हा माणूस विधवांना नाडतो, असे तो पेठेत चार ठिकाणी बोलून आला. वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "भावजी, मला मोठी रक्कम नको, खरी हवी." दादांच्या मागे त्यांना स्वतःचा म्हणावा असा पैसा थोडाच होता, आणि दुसऱ्या बाजूला एका अपरिचित व्यापाऱ्याच्या पतीचा प्रश्न होता. म्हणून मी भिंग, चिमटा आणि एक कोरी चोपडी घेऊन बसलो. पुढचे चार महिने दुकान वाढवल्यानंतरची रात्र त्या तिकिटांची झाली.

पहिली अडचण लिपीची. या तिकिटांवर रोमन 'सीसीसीपी' असे वाटणारी चार अक्षरे असतात. ती रोमन नव्हेत, रशियन आहेत. त्या लिपीत 'सी'सारखे दिसणारे अक्षर 'स' असते आणि 'पी'सारखे दिसणारे 'र'. सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकांच्या संघाच्या रशियन नावाची ती आद्याक्षरे. शेजारी 'पोच्ता' हा शब्द असतो, त्याचा अर्थ टपाल. आपल्या 'पोच'शी त्याचे नाते नाही, पण लक्षात ठेवायला तो सोपा गेला. बल्गेरियाची लिपीही तशीच दिसते, पण तेथे 'पोश्ता' असते. एवढ्या एका भेदावर दादांच्या पहिल्या अल्बमातील अकरा तिकिटे वेगळी निघाली.

दुसरी पायरी काळ ठरवण्याची. संघाची स्थापना 30 डिसेंबर 1922 रोजी झाली आणि 1991 च्या डिसेंबरात तो विसर्जित झाला. त्यापूर्वीच्या रशियन प्रजासत्ताकाच्या तिकिटांवर आद्याक्षरे निराळी आहेत. त्यांतील 1921 चे व्होल्गा खोऱ्यातील दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ काढलेले एक तिकीट दादांपाशी होते. त्यावर किंमत छापलेली आहे 2250 रूबल. एका तिकिटावर एवढी रक्कम पाहून प्रथम वाटते, केवढे मौल्यवान! वस्तुतः ती रक्कम त्या काळातील चलनाच्या घसरणीची साक्ष आहे. उलट 1 जानेवारी 1961 रोजी दहा जुन्या रूबलांचा एक नवा रूबल झाला, आणि पत्राला लागणारे 40 कोपेकांचे तिकीट 4 कोपेकांवर आले. नाणे बदलले की आकडा बदलतो, हे ध्यानात ठेवले तर साल छापलेले नसतानाही तिकिटाचा काळ पुष्कळदा कळतो.

तिसरी पायरी सूक्ष्म निरीक्षणाची. तिकिटाच्या कडेची छिद्रे दोन सेंटीमीटरांत किती, हे मापपट्टीवर मोजतात. चित्र तेच, रंग तोच, पण छिद्रांची संख्या भिन्न असेल तर तिकीट भिन्न आणि भावही भिन्न. जुन्या तिकिटांच्या कागदात जलचिन्ह असते; तिकीट काळ्या थाळीत पालथे ठेवले की ते उमटून दिसते. कोरीव ठशाने छापलेल्या तिकिटाची शाई बोटाला किंचित उंच लागते, साध्या सपाट छपाईची लागत नाही.

परंतु मोलाचा खरा निर्णय शिक्क्यावर होतो. दादांच्या बहुतेक तिकिटांवर कोपऱ्यात सुबक पावगोल शिक्का होता आणि मागे डिंक जसाच्या तसा होता. ज्या तिकिटाने प्रवास केला त्याचा डिंक शिल्लक कसा राहील? ती तिकिटे पत्राला कधी लागलीच नव्हती. परकीय चलन मिळवण्यासाठी सोव्हिएत सरकार 'मेझदुनारोदनाया क्निगा' या निर्यात संस्थेमार्फत अशी तिकिटे आधीच शिक्का मारून जगभरच्या संग्राहकांना विकत असे. अवकाशयाने, पक्षी, चित्रकृती अशा मनोहर विषयांची ती पाकिटे अल्प मोलात मिळत. ती खोटी नव्हेत, अधिकृतच आहेत. पण विपुल आहेत, आणि विपुलतेला बाजारात भाव नसतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

सुव्हेनियर शीट हा आणखी एक स्वतंत्र प्रकार. मध्ये एखादे तिकीट आणि भोवती चित्र किंवा मजकूर असलेला रुंद समास, असे ते छोटे पत्रक असते. ते अखंड हवे, कोपरे न दुमडलेले हवेत. समास कापून आतले तिकीट वेगळे काढले की पत्रकाचे मोल संपते. बिनछिद्राच्या पत्रकातून कापलेले तिकीट कोणी 'दुर्मीळ, बिनछिद्री' म्हणून पुढे करील, तर समासाच्या खुणा आधी तपासाव्यात.

नोंद करताना ध्यानात आले की एकाच तिकिटाला अमेरिकी स्कॉट, ब्रिटिश स्टॅन्ली गिबन्स, जर्मन मिखेल आणि रशियन झागोर्स्की या सूचींत निरनिराळे क्रमांक आहेत. मिखेल तर सुव्हेनियर शीटांना 'ब्लॉक' म्हणून वेगळीच क्रमसंख्या देते. एकाच मालाला चार पेठांत चार नावे असावीत, तसे हे. म्हणून मी चोपडीत रकाने आखले: साल, विषय, किंमत, छिद्रे, छपाई, शिक्का, स्थिती, सूचीचे नाव व क्रमांक. सूचीतील दरांची बेरीज मोठी दिसते, पण स्वस्त तिकिटांपुढील किमान दर हा तिकिटाचा नसून ते निवडून देणाऱ्या विक्रेत्याच्या श्रमाचा असतो.

अखेरीस 2316 तिकिटे आणि 94 सुव्हेनियर शीटे खतावली गेली. दहापैकी नऊ तिकिटे आधीच शिक्का मारून विकलेली होती. चोपडीची नक्कल मी अन्य दोन विक्रेत्यांना दाखवली. एकाने चौदा हजार सांगितले, दुसऱ्याने सोळा.

मी पुतण्याला घेऊन त्या पहिल्या गृहस्थांच्या दुकानी गेलो. गिऱ्हाइके बसलेली असतानाच त्याने हात जोडून सांगितले, "पेठेत मी आपल्याविषयी बोललो ते खोटे होते. ज्या चार ठिकाणी बोललो, तेथे जाऊन तसे सांगून आलो आहे." ते गृहस्थ म्हणाले, "सोळाच हजारांचा माल आहे. पण तुमच्या वडिलांची मांडणी पाहिली. एकही तिकीट डिंकाने चिकटवलेले नाही, एकही पत्रक कापलेले नाही. त्याचे दोन हजार मी जास्त लावले होते."

वहिनींनी सहा अल्बम दिले आणि एक ठेवला. त्याप्रमाणे रक्कम कमी करून घेतली. त्या अल्बमात रशियाने भारतासंबंधी काढलेली तिकिटे आहेत: 1961 चे रवींद्रनाथांचे, 1969 चे गांधीजींचे, राकेश शर्मांच्या 1984 मधील अंतराळयात्रेचे सुव्हेनियर शीट. आणि 1966 चे, अफानासी निकितिनच्या भारतयात्रेला पाचशे वर्षे झाल्याचे. हा त्वेर शहराचा व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या चौल बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो हिरावला आणि धर्म बदलशील तर परत देईन म्हणाला. एका परक्या सज्जनाने रदबदली केली, तेव्हा घोडाही मिळाला आणि धर्मही राहिला. सातही अल्बमांत दादांच्या हातचा शब्द एकच आहे. निकितिनच्या तिकिटाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'व्यापारी'.

आपल्या पुष्कळ घरांत तिकिटे, जुनी नाणी, हस्तलिखिते असतात आणि त्यांची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते. वाचकहो, ती व्यक्ती समोर बसलेली असतानाच एक चोपडी आणून तिच्या हाती द्या. दादांनी इतर तिकिटांखाली काय लिहिले असते, ते मला आता कोणत्याही सूचीत सापडणार नाही.