मृगाआधी फियाट

मृग लागायच्या आत फियाट झाकून झाली पाहिजे, हा आमच्या घरातला जुना नेम. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला त्या नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. अण्णांनी घेतली तेव्हापासून ती फियाट. जूनच्या सुरुवातीला शेडमध्ये जाते, खंडेनवमीला बाहेर येते. मधले महिने ती उभी.

सणसवाडीत उभं राहणं कुणाला माहीत नाही. पुणे-नगर रस्त्यावर रात्री दोन वाजताही कंटेनर चाललेले असतात, पाळी सुटली की कामगारांच्या बस, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. गॅरेजमधल्या पोरांना गाडी बंद ठेवायचीय म्हटलं की ती म्हणतात, "मग काय ताई, चावी काढायची." मला मात्र वाटतं, गाडीची खरी निगा ती थांबवतानाच कळते. धावत्या गाडीत तेल फिरतं, पाणी फिरतं, गंजाला बसायला सवड मिळत नाही. उभ्या गाडीत तेल तळाला जातं, ओल पत्र्याच्या सांध्यात मुरते आणि सगळा भार टायरच्या एकाच जागेवर येतो.

माझी भाची कॅनडात हेच काम दिवाळीच्या सुमारास करते. तिकडे बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचा खालचा पत्रा खातं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी राहिलं तर गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकतं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे उलट गाडी काढायचे दिवस. रांजणगावच्या गणपतीला जा, मोरगावला जा. आमचं संकट चिखलाचं. हा मुलूख पर्जन्यछायेतला, कोकणासारखा पाऊस इथे कोसळत नाही. पण मोठा रस्ता सोडला की घरापर्यंतची वाट काळ्या रानातून येते. ही माती एकदा मडगार्डच्या आत जाऊन बसली की कितीतरी दिवस ओल सोडत नाही. जुन्या पत्र्याला तेवढं पुरतं.

अण्णांना ही समज बैलगाडीकडून आली असणार. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आक्रसायचं, लोखंडी धाव सैल व्हायची, मग चाकं पाण्यात भिजत घालायची. कण्याला वंगण द्यायचं, जू आढ्याला टांगायचं. बैलगाडीचा कुठला भाग कुठे विसावा घेणार हे ठरलेलं असे. तीच शिस्त त्यांनी फियाटला लावली. आधी खालून-वरून धुणं, मडगार्डच्या आत हात घालून माती खरवडणं, मग दोन दिवस कडक उन्हात वाळवणं. मेच्या शेवटचं ऊन यासाठी सोन्याच्या मोलाचं. वळीव आला की सगळा बेत पुढे जातो.

तेल झाकण्याआधीच बदलायचं. वापरलेल्या तेलात आम्ल साचलेलं असतं, ते चार महिने बेअरिंगला लागून राहायला नको. इंजिन शेवटचं बंद झालं की प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ताजं तेल सोडायचं आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी जराशी ढकलायची, म्हणजे पिस्टन हलतो आणि तेल भिंतीला लागतं.

पेट्रोलचा प्रश्न मात्र अण्णांच्या वेळी नव्हता. टाकी काठोकाठ भरा, आत हवा राहिली नाही की ओल धरत नाही, असं ते सांगत, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. आता पेट्रोलमधलं इथेनॉल 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की त्याच्यासकट खाली बसतं, आणि टाकीचा तळ लोखंडी. शिवाय या गाडीचे रबरी पाइप त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेले. यातलं काही इथेनॉल होतं उसापासून. आमच्या बांधापलीकडचा ऊस कारखान्यात जातो तेव्हा मी तो मोठ्या आपुलकीनं पाहते, त्याच्यावर अख्खी घरं उभी आहेत. पण फियाटच्या टाकीत मी त्याला पावसाळाभर ठेवत नाही. टाकी रिकामी करते, पंपाकडे येणारी नळी काढते आणि इंजिन चालू ठेवते. कार्बुरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ते थोडा वेळ शांत चालतं, मग आवाज पातळ होतो, एकदा अडखळतं, एकाएकी जोरात फिरतं आणि बंद पडतं. वाटी कोरडी झाली हे तेव्हा कळतं.

ही गाडी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली, तिथे इटलीच्या फियाटची अकराशे तयार होऊ लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली. आणि फियाटचा कारखाना नंतर आला तो आमच्याच रस्त्यावर, रांजणगावला. 2017 पासून तिथे जीप कंपास बनते. नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर सणसवाडीवरून जाताना दिसले की मला आमच्या शेडची आठवण होते, आणि का कोण जाणे, बरं वाटतं.

राहिलेली कामं भराभर होतात. बॅटरीची काळी वायर आधी, मग लाल; बॅटरी घरात, टर्मिनलला व्हॅसलिन. गाडी जॅकवर घेऊन लाकडी ठोकळ्यांवर. हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. वर सुती आच्छादन. प्लास्टिकखाली ओल कोंडते. उंदरांसाठी डांबरगोळ्या, तरी दर आठवड्याला बॉनेट उघडून वायरी बघाव्याच लागतात. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा, कारण श्रावणात कुंभारीण माशी येते आणि मिळेल त्या भोकात मातीचं घर बांधते.

शेवटी स्टिअरिंगला सुतळीनं पुठ्ठा बांधायचा. अण्णांच्या अक्षरातला आता वाचता येत नाही, मी नवा लिहिला. खंडेनवमीला मी गावात नसले तर गाडी पुतण्या उघडेल, म्हणून सगळं क्रमानं: बोळा काढ, चाकांची हवा बघ, बॅटरी लाव, आधी लाल, प्लग घट्ट कर, नळी जोड, पाच लिटर ताजं पेट्रोल. पहिल्या स्टार्टरला निळा धूर येईल, ते आपण घातलेलं तेल आहे, घाबरू नकोस.