परकोटावरची झुडपं

चंद्रपूरच्या परकोटावर चालायचं तर उन्हं वर येण्याआधी. मे महिन्यात इथला दगड सकाळीच तापायला लागतो. खांडक्या बल्लाळशहानं या भिंतीचा पाया घातला, पुढच्या गोंड राजांनी ती पुरी केली. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे, पाच खिडक्या आणि सुमारे ११ किलोमीटरचा वेढा. एवढं सगळं आमच्या दारात, आणि कितीतरी वर्षं आम्हाला ते दिसतच नव्हतं. बोर, बाभूळ, घाणेरी, एरोणी यांच्या जाळीत बुरूज बुडून गेले होते.

काट्यावर माझा राग नाही. ताडोबाच्या कडेच्या गावांत काटेरी फांद्यांचं कुंपण रानडुकरापासून धान राखतं. त्याच काट्यांत बुलबुल निर्धास्त घरटं बांधतो. पण दगडाच्या सांध्यात रुजलेलं झुडूप वेगळं. त्याचं मूळ चुना पोखरत आत शिरतं, जाड होत जातं आणि चिरा जागचा हलवतं. वर पालवी डुलत असते, आत भिंत सुटत असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात वाघानं एक कामगार नेला, पाठोपाठ जवळच्या दुर्गापुरात बिबट्यानं एक मुलगा. जनावरांना दडायला जागा उरू नये म्हणून त्या परिसरातली झुडपं तोडा, असा आक्रोश झाला, तो रास्तच होता. तशा सपाट जमिनीवर जेसीबी लावावा, यांत्रिक करवत चालवावी, ट्रॅक्टर भरभरून काटे न्यावेत. परकोटावर ते चालत नाही. इथं मूळ ओढलं तर सोबत दगडही येतो. बुंधा हातानं, बेतानं कापावा लागतो.

इको-प्रो या पर्यावरण संस्थेच्या तरुणांनी संस्थापक बंडू धोतरे यांच्यासोबत मार्च २०१७ पासून तेच केलं. कुऱ्हाड, विळा, फावडं, घमेलं घेऊन रोज सकाळी श्रमदान. ओरखडलेले हात आणि घामानं भिजलेले सदरे. त्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं, तेव्हा हे काम देशाला कळलं. मला मात्र त्याहून मोठा वाटतो तो जाळीतून मोकळा झालेला एकेक बुरूज. शहराला त्याची भिंत परत मिळाली.

पण पहिल्या पावसात सांध्यासांध्यातून पुन्हा कोंब येतात. कोवळे असताना ते दोन बोटांनी निघतात, दोन वर्षांनी कुऱ्हाड लागते. चंद्रपूरकरांनो, पावसाळा सरला की श्रमदानाला या.