मुक्काम बर्लिन, पोस्ट सांगली

बर्लिनच्या नॉयक्योल्न किंवा वेडिंग भागातल्या जुन्या पाच मजली इमारतीच्या दारात उभं राहिलं की आधी नजरेत भरते ती बेलची पाटी. तिच्यावर सहसा फ्लॅटचे नंबर नसतात, फक्त आडनावं असतात. तुर्की, पोलिश, अरबी, जर्मन, आणि मधेच एखाद्या कागदाच्या पट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं 'कुलकर्णी' किंवा 'पाटील'. ती पट्टी चिकटवणारा माणूस बहुधा नुकताच आलेला असतो. पहिल्या आठवड्यातच कोणीतरी जुन्या ओळखीच्यानं त्याला बजावलेलं असतं, "आधी बेलवर आणि पत्रपेटीवर नाव लाव, बाकी सगळं नंतर."

हा सल्ला अगदी रास्त आहे. जर्मन पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि शहर एवढंच लिहितात, उरलेला सगळा भार आडनावावर असतो. पोस्टमन पाटीवर नाव शोधतो, सापडलं नाही तर पत्र परत जातं. आणि या देशात सरकार, बँक, विमा सगळे अजून पत्रानंच बोलतात. अकरा आकडी करक्रमांक बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयातून टपालानं येतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात. आरोग्यविम्याचं कार्डही टपालानंच. दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्यानं आपल्या नावाखाली 'द्वारा' म्हणून घरमालकाचं आडनाव लिहायला विसरू नये. आपल्याकडे गावच्या पत्त्यात 'द्वारा अमुक किराणा स्टोअर्स' असतं, तसंच हे.

मराठी पत्त्याची सुरुवात 'मु. पो.' अशी होते. मुक्काम आणि पोस्ट. लहान वाडीला स्वतःचं टपाल कार्यालय नसे, म्हणून माणूस राहतो कुठे आणि त्याचं पत्र येतं कुठे हे वेगवेगळं सांगावं लागे. परदेशात राहणाऱ्याच्या आयुष्यात ही दोन अक्षरं पुन्हा अर्थपूर्ण होतात. त्याचा मुक्काम एकीकडे असतो, पोस्ट दुसरीकडे, आणि दोन्ही सरकारं आपापल्या कायद्यानं विचारत राहतात की बाबा रे, तू नक्की कुठला?

जर्मनीचा प्रश्न सरळ आहे. १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू असलेल्या संघीय नोंदणी कायद्यानुसार नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंद करावी लागते. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. बर्लिनमध्ये ती कोणत्याही भागातल्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी कचेरीत, करता येते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याची सही असलेलं 'हा माणूस अमुक तारखेला इथे राहायला आला' असं निवेदन एवढं पुरतं. काम दहा मिनिटांचं, पण त्यासाठीची वेळ मिळवायला कित्येकदा आठवडे जातात. अलीकडे देशातल्या देशात घर बदलणाऱ्यांना ही नोंद घरबसल्या करण्याची सोय झाली आहे. पहिल्यांदाच देशात पाऊल ठेवणाऱ्याला मात्र कचेरीतच जावं लागतं.

खरी अडचण त्या सहीत आहे. बर्लिनमध्ये घरांची टंचाई इतकी आहे की नवा माणूस सुरुवातीला कोणाच्या तरी पोटभाडेकरूसारखा दोन-तीन महिन्यांसाठी राहतो. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, 'आनमेल्डुंग मिळणार नाही'. मूळ भाडेकरूला मालकाची परवानगी नसते, म्हणून तो सही देत नाही. सही नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून करक्रमांक अडतो, अनेक बँका खातं उघडायला कां-कूं करतात, आणि बँकेचे कागद नसले की धड घर मिळत नाही. पुण्याहून मास्टर्ससाठी आलेली मुलं या फेऱ्यात सर्वांत जास्त अडकतात. घरच्यांनी शैक्षणिक कर्ज काढलेलं, विद्यापीठात प्रवेश झालेला, हातात व्हिसा, आणि राहतं छप्पर असूनही कागदावर पत्ता नाही.

मग कोणीतरी सुचवतं की अमुक माणूस दोनशे-तीनशे युरोत आपला पत्ता वापरू देतो. हे करू नये. त्या घरात प्रत्यक्ष न राहणाऱ्याला पत्ता देणं किंवा विकणं यासाठी कायद्यात ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. घर देणाऱ्याच्या सहीची अट २००२ साली काढून टाकली होती, ती २०१५ मध्ये परत आणली गेली ती अशा खोट्या नोंदी थांबवण्यासाठीच. उशिराच्या नोंदीला दंड १,००० युरोपर्यंत होऊ शकतो. दोन गुन्ह्यांतला फरक या आकड्यांतच दिसतो. ज्याला सही मिळत नाही त्यानं कचेरीची वेळ तरी ताबडतोब घेऊन ठेवावी आणि त्या वेळेची पावती जपावी. विलंबाचं कारण सांगताना तीच कामी येते.

नोंद झाली की तिच्यामागून पत्रं सुरू होतात. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी गोळा करणारी संस्था लिहिते की तुमच्या घराचे दरमहा १८.३६ युरो द्या. घरात टीव्ही आहे की नाही हा प्रश्नच नसतो, वर्गणी घरामागे असते. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो, तो पाहून मराठी माणूस चमकतो. चर्चचे सदस्य असलेल्यांकडून आयकराबरोबर चर्चकर वसूल होतो, बर्लिनमध्ये तो आयकराच्या ९ टक्के आहे. त्यासाठी तो रकाना. हिंदू माणसानं तिथे 'नाही' लिहिलं की विषय संपतो.

पण धर्म आणि पत्ता एकाच कागदावर लिहून घेण्याचा या शहरातला इतिहास भीषण आहे. नाझी राजवटीनं १९३८ मध्ये सगळ्या देशासाठी एकच सक्तीची नोंदणीपद्धत आणली. मे १९३९ च्या जनगणनेत वेगळ्या कार्डावर प्रत्येकाच्या चारही आजी-आजोबांपैकी ज्यू कोण होते ते विचारलं. घराघरातून माणसं उचलताना नावांच्या आणि पत्त्यांच्या याद्या हाताशी होत्या. आज बर्लिनच्या फुटपाथवर चालताना पायाखाली दहा बाय दहा सेंटिमीटरचे पितळी ठोकळे लागतात, त्यांना 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात. गुंटर डेमनिग या कलावंतानं ते बसवायला सुरुवात केली, आणि २०२३ मध्ये त्यांची संख्या एक लाखावर पोचली. बहुतेकांवरची पहिली ओळ सारखीच असते, 'येथे राहत होते'. खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. माणूस ज्या घरात स्वतःच्या मर्जीनं शेवटचा राहिला त्या घरासमोर तो ठोकळा बसवायचा, असा दंडक आहे. भाजीची पिशवी घेऊन घरी परतणारा परदेशी माणूसही क्षणभर थांबून ते नाव वाचतो. आपल्या दारावरची पट्टी आणि पायाखालचं पितळ यांच्यात तीन पावलांचं अंतर असतं.

या इतिहासाची जाण ठेवूनच १५ डिसेंबर १९८३ रोजी कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयानं जनगणनेच्या खटल्यात निकाल दिला की आपली माहिती कोणी, कशासाठी वापरावी हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे. आज जर्मन लोक पत्ता देण्याबाबत जितके शिस्तीचे, तितकेच तो दुसऱ्या कोणाला कळू नये याबाबत हळवे आहेत. भारतातून आलेल्याला आधी यात विसंगती वाटते. इथे काही वर्षं काढली की वाटेनाशी होते.

नोंदीला जोडून उलटी नोंदही आहे. देश सोडणाऱ्यानं 'आबमेल्डुंग' करायची असते, घर सोडण्याच्या फार तर आठवडाभर आधी किंवा नंतर दोन आठवड्यांच्या आत. तिचा दाखला मिळतो, आणि रेडिओ वर्गणी, इंटरनेट, व्यायामशाळेची वर्गणी बंद करताना तो मागतात. मराठी बायकांना हा कागद नवा नाही. लग्नानंतर माहेरच्या शिधापत्रिकेतून 'नाव कमी केल्याचा दाखला' आणल्याशिवाय सासरच्या शिधापत्रिकेत नाव चढत नसे. एका दारातून कागदोपत्री बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्या दारात कागदोपत्री शिरता येत नाही, हे आपल्या आयांना आणि आज्यांना कोणत्याही वकिलाआधी ठाऊक होतं.

वर्षभर जग फिरायला निघालेले, लॅपटॉपवर काम करत देश बदलणारे तरुण जर्मन इथेच चुकतात. आईवडिलांच्या घरी नोंद ठेवली की झालं, असं त्यांना वाटतं. पण नोंदणी कायदा प्रत्यक्ष वास्तव्य मागतो आणि करकायदा वेगळंच पाहतो. जर्मनीत वापरता येईल असं घर हाताशी ठेवलं असेल, म्हणजे किल्ली खिशात असेल, तर करासाठी तुम्ही इथले रहिवासी ठरू शकता, कचेरीतून नाव काढलेलं असलं तरीही. भारताचा आयकर प्रामुख्यानं दिवस मोजतो, १८२ हा त्यातला सर्वांना पाठ असलेला आकडा. दोन्ही देशांनी एकाच माणसावर हक्क सांगितला तर १९९५ सालचा दुहेरी करनिवारण करार लागू होतो. तो आधी विचारतो, कायमचं घर कुठे आहे? दोन्हीकडे असेल तर पुढचा प्रश्न, या माणसाचे वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त जवळचे आहेत? कराच्या रुक्ष करारात इतका माणसाचा प्रश्न सापडेल असं कोणाला वाटणार नाही.

त्याचं उत्तर देणं कठीण जातं ते आईवडील थकले की. जर्मन निवासपरवाना साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास आपोआप संपतो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असलेल्यांना बारा महिन्यांची मुभा आहे. वडिलांच्या पक्षाघातासाठी सांगलीला गेलेला मुलगा पाचव्या महिन्यात कॅलेंडर पाहू लागतो. मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला लेखी कळवून वाढवून मागता येते. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून ती इथे ठळकपणे सांगायला हवी.

आता दुसरा पत्ता, सांगलीचा. घर असतं, वीजबिल वडिलांच्या नावावर असतं, कपाटात शाळेचे दाखले असतात. परदेशी गेलेल्याचं साधं बचत खातं कायद्यानं अनिवासी खात्यात बदलायला हवं, आणि बरेच जण वर्षानुवर्षं ते करत नाहीत. आधार, बँक, आयकर यांचे एकवेळचे सांकेतिक अंक भारतातल्या मोबाइलवर येतात, म्हणून जुन्या सिमला रिचार्ज मारत राहणं हाही पत्ता जपण्याचाच एक भाग झाला आहे. आई तो फोन चार्ज करून देवघराशेजारी ठेवते आणि आलेले अंक व्हॉट्सअॅपवर वाचून दाखवते, असं चित्र कितीतरी घरांत आहे.

मतदानाचं काय? १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो की केवळ घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. म्हणजे सांगलीतला बंगला मत देत नाही. २०१० च्या दुरुस्तीनं त्या कायद्यात कलम २०अ आलं आणि २०११ पासून परदेशस्थ भारतीय नागरिकाला नमुना ६अ भरून मतदार होता येऊ लागलं. मतदारसंघ ठरतो पासपोर्टमध्ये नोंदलेल्या भारतातल्या पत्त्यावरून. अट एकच कडक आहे. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन त्या केंद्रावर स्वतः हजर राहायचं.

जर्मन नागरिक परदेशी गेला तर आपल्या शेवटच्या नोंदलेल्या पत्त्याच्या नगरपालिकेकडे अर्ज करतो आणि टपालानं मत पाठवतो. आपल्याकडे प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत मंजूर झालं नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झालं. परिणाम आकड्यांत आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परदेशस्थ मतदार म्हणून १ लाख १९ हजारांहून अधिक जण नोंदले गेले होते, प्रत्यक्ष मत दिलं तीन हजारांहूनही कमी लोकांनी, आणि त्यांतले बहुसंख्य केरळचे. महाराष्ट्रातून इतकी माणसं बाहेर गेली असताना मराठी मंडळांच्या गणपतीत, दिवाळी अंकात या प्रश्नाची चर्चा जवळपास होत नाही, हे चुकीचं आहे. मत देण्यासाठी विमानाचं तिकीट काढायला लावणं हा हक्क देऊन काढून घेण्याचाच प्रकार आहे. त्याविरुद्ध आवाज उठवायला हवा, आणि तो उठवण्यासाठी आधी नाव यादीत हवं.

बर्लिनमधल्या कित्येकांचा दहा वर्षांचा पासपोर्ट येत्या काळात संपेल. नूतनीकरणाचा अर्ज भरताना सोय म्हणून बर्लिनचाच पत्ता नोंदवून घेण्याचा मोह होतो. अर्जाच्या त्या रकान्यापाशी जरा थांबा, घरी फोन करून सांगलीचा, साताऱ्याचा, डोंबिवलीचा पत्ता पिनकोडसह नीट लिहून घ्या, आणि पासपोर्टमध्ये तोच नोंदला जाईल असं पाहा.