डार्विनचे १६ प्रश्न आणि माझा एक

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका मुलीने राजीनामा टाकला. कारण विचारलं, तर नुसती हसली. पंधरा दिवसांपूर्वीच मी सगळ्यांना फीडबॅक फॉर्म पाठवला होता. तिचं उत्तर होतं, सगळं मस्त!

त्या शनिवारी नाशिक रोडला घरी आले. इथल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापतात. बाबा तिथूनच रिटायर झाले, त्यामुळे पत्र म्हटलं की त्यांचा जीव की प्राण. त्यांच्याच कपाटात मला डार्विन सापडला.

हा माणूस म्हणजे पत्रांचा कारखाना! त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली सुमारे १५,००० पत्रं आज माहीत आहेत. कबुतरं पाळणाऱ्यांपासून मिशनऱ्यांपर्यंत, ओळख ना पाळख, सगळ्यांना प्रश्न. १८६७ मध्ये तर त्याने चेहऱ्यावरच्या भावांविषयी १६ प्रश्नांची यादीच देशोदेशी धाडली. तुमच्याकडची माणसं आश्चर्य वाटलं की डोळे विस्फारतात का? नाही म्हणताना मान हलवतात का? उत्तरं आली ३६.

त्यातलं एक चक्क आपल्या शेजारच्या नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं! तिथे राहिलेल्या एच. अर्स्किन यांनी लोकांचे चेहरे बारकाईने न्याहाळले, पण ठाम काही हाती लागेना. का? तर युरोपियन माणसासमोर इथले लोक मनातलं चेहऱ्यावर येऊच देत नसत. डार्विनने ही अडचण झाकली नाही. १८७२ च्या पुस्तकात सरळ छापून टाकली.

वाचलं आणि चरकलेच. माझा फॉर्म वाईट नव्हता हो. पण विचारणारी कोण? अप्रेझल लिहिणारी! मी स्वतः बॉससमोर काय वेगळं करते? तेच हसू. अर्स्किन यांनी निदान ओळखलं की समोरचे लपवताहेत, म्हणून इथल्या जाणत्या माणसांनाही विचारून पाहिलं. मी मात्र 'मस्त' वाचून फाइल बंद केली.

सोमवारी तिला टपरीवर चहाला नेलं. फॉर्म नाही, यादी नाही. आधी माझंच सांगितलं, की मला बॉसला 'नाही' म्हणता येत नाही आणि ते काम मग मी तुमच्या गळ्यात मारते. मग विचारलं, "तुझं काय झालं गं?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. चहा गार होईपर्यंत ती बोलत होती.

राजीनामा काही तिने मागे घेतला नाही. पण पुढच्या फॉर्मआधी मी टीमला एकेक करून टपरीवर नेणार आहे.