लोणी मागणारी आई

फ्रेडरिक्सबर्ग, व्हर्जिनिया

ती. मावशीस,

"तुमच्या अमेरिकेत जुन्या काळी नवरा गेला की शेती कोण बघायचं गं?" असं तू फोनवर विचारलंस आणि लगेच दूधवाला आला म्हणून फोन ठेवलास. उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतंच, म्हणून पत्र.

आमच्या गावासमोर रॅपाहॅनॉक नदी आहे. तिच्या पलीकडच्या उंच काठावर फेरी फार्म नावाची जुनी शेती आहे. १७४३ च्या एप्रिलमध्ये तिचा मालक ऑगस्टिन वॉशिंग्टन वारला. मागे बायको मेरी, पस्तिशीच्या आसपासची, आणि पाच मुलं. थोरला जॉर्ज अकरा वर्षांचा, धाकटा चार्ल्स पाचही पुरा नव्हता. जॉर्ज पुढे या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, पण तू त्याला थोडा वेळ बाजूला ठेव. सगळ्यांनी त्यालाच पुढे ठेवल्यामुळे ही बाई कुणाला नीट दिसलेली नाही.

मृत्युपत्रात काय होतं ते आधी सांगते, कारण तू तेच विचारशील. ऑगस्टिनला पहिल्या बायकोचे दोन मोठे मुलगे होते. चांगल्या मोठ्या जमिनी त्यांना मिळाल्या. त्यांतल्या लॉरेन्सच्या वाट्याची जमीन म्हणजे जॉर्जचं पुढचं घर, माउंट व्हर्नन. फेरी फार्म आणि दहा गुलाम जॉर्जच्या नावे. तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत कारभार आईकडे. म्हणजे राबणूक तिची, नाव मुलाचं. मृत्युपत्र नसतं, तरी इंग्रजी कायद्याप्रमाणे विधवेला तिसरा हिस्साच मिळायचा, आणि जमिनीवरचा तो हक्कही हयातीपुरता. पिकवा, खा, पण विकता येणार नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी आपल्याकडच्या विधवांची जी गत होती, तिच्याशी हे बरंच जुळतं. आजीकडून तू ते ऐकलेलं आहेस.

मेरीने पुन्हा लग्न केलं नाही. त्या काळी, त्या वयात, पोटाशी लहान मुलं असताना बायका सर्रास करत. तिने का केलं नाही हे तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. हिशेब मात्र मांडता येतो. लग्न झालेल्या बाईला कायद्याने स्वतःची अशी मालमत्ता जवळजवळ नव्हतीच. करार तिच्या नावाने होत नसे, दावा तिच्या नावाने लागत नसे. नवरा मेला की हे सगळं तिला परत मिळे, आणि दुसरं लग्न केलं की पुन्हा जाई. शिवाय तिची स्वतःची आई तीनदा विधवा झालेली. मेरी तीन वर्षांची असताना बाप गेला, बारा-तेराव्या वर्षी आईही गेली. परक्याच्या हाती कारभार गेला की पोरक्या मुलांचं काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पीक मुख्यतः तंबाखूचं, जोडीला मका आणि गहू. तंबाखू जमीन खाते हे तुला ठाऊक आहे. काही वर्षांत रान थकतं. पिकाचे भले मोठे पिंप वखारीत न्यायचे, १७३० च्या कायद्याने नेमलेले तपासनीस ते उघडून बघत, हलका माल जाळून टाकत. पास झालेल्या मालाची पावती बाजारात पैशासारखी फिरे. बाईमाणसाला या व्यवहारात कुणी सूट देत नव्हतं.

आता जे सांगायला जड जातं ते. ही शेती मेरीच्या हातांनी पिकली नाही, गुलामांच्या हातांनी पिकली. इथे विधवेच्या धीराच्या गोष्टी फार कौतुकाने सांगतात आणि रानात कोण वाकलेलं होतं ते गाळतात. १७८८ साली तिने मृत्युपत्र केलं. त्यात मुलगा जॉर्जला काय दिलं? आपली जमीन, जॉर्ज याच नावाचा एक काळा मुलगा, उत्तम पलंग, निळी-पांढरी गोधडी आणि आरसा. सगळं एका दमात. ज्या कायद्याने तिला अर्धवट माणूस मानलं, त्याच कायद्याने तिने त्या मुलाला गोधडीच्या रांगेत बसवलं. ती बिचारी होती म्हणून हे माफ होत नाही, आणि हे केलं म्हणून तिचे कष्ट खोटे ठरत नाहीत. मला दोन्ही एकदम धरून बसावं लागतं.

जॉर्ज चौदा वर्षांचा असताना त्याला समुद्रावर धाडायचा घाट घातला गेला. मेरीने लंडनच्या भावाला, जोसेफ बॉलला, विचारलं. त्याचं १७४७ च्या मे महिन्यातलं उत्तर टिकलं आहे: खलाशाचे हाल कुत्रा खात नाही, त्यापेक्षा पोराला कल्हईवाल्याच्या हाताखाली ठेव, तीन-चारशे एकर आणि तीन-चार गुलाम असलेला मेहनती शेतकरी जहाजाच्या कप्तानापेक्षा सुखात राहतो. तिने मुलाला जाऊ दिलं नाही. याला चरित्रकार आईचा हट्ट म्हणतात. तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे.

पण मला सर्वांत आवडतो तो १७५५ चा प्रसंग. जॉर्ज ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉकच्या फौजेबरोबर फ्रेंचांवरच्या मोहिमेत निघालेला. आईचं त्याला पत्र: एखादा जर्मन गडी बघ, आणि लोणी पाठव. सात जूनला छावणीतून त्याने कळवलं की या भागात दोन्ही मिळणं शक्य नाही. या लोण्यावर लोक अडीचशे वर्षं हसताहेत. पोरगा लढाईला चाललाय आणि हिला लोणी सुचतंय! यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. गडी मिळत नाही, मुलगा चार मुलखांतून जातोय, तर त्यालाच सांगणार ना?

कायद्याने फेरी फार्म १७५३ मध्येच जॉर्जची झाली, पण मेरी तिथे १७७२ पर्यंत राहिली, म्हणजे नवऱ्यामागे एकोणतीस वर्षं. मग जॉर्जने गावात, मुलगी बेटीच्या घराजवळ, तिच्यासाठी घर घेतलं. त्यानंतर मायलेकांत पैशांवरून धुसफूस चाललेली दिसते. १७८१ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेत तिला मदत द्यायची कुजबुज झाली, तेव्हा स्वातंत्र्ययुद्धात सेनापती असलेला मुलगा शरमला आणि हे थांबवा म्हणून त्याने लिहिलं. १७८७ च्या फेब्रुवारीत त्याने तिला पंधरा गिनी पाठवल्या आणि सुचवलं की स्वतःचं घर मोडून एखाद्या मुलाकडे राहायला जा, मात्र माझ्याकडे नको. माझं घर म्हणजे येत्याजात्या लोकांची खाणावळ झालंय, तुला तिथे चैन पडणार नाही. ती शेवटपर्यंत आपल्याच घरी राहिली. १७८९ च्या ऑगस्टमध्ये, मुलगा राष्ट्राध्यक्ष होऊन चार महिने होत नाहीत तोच, ती गेली.

पुढची गंमत ऐक. एकोणिसाव्या शतकाने तिला देवी केलं. १८३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने तिच्या स्मारकाची कोनशिला बसवली, पैसे संपले, काम साठ वर्षं रखडलं. १८९४ मध्ये नवीन स्तंभ उभा राहिला तेव्हा उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड आले. विसाव्या शतकातल्या चरित्रकारांनी तिलाच कजाग, पैशाला हपापलेली म्हातारी ठरवलं. मला दोघांचीही चूक एकच वाटते. दोघांनी तिचं माप मुलावरून घेतलं. शेतकरी म्हणून तिचा हिशेब कुणी मागितलाच नाही. लहानग्या जॉर्जने चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवल्याचं बापाला खरं सांगितलं, ती भाकडकथासुद्धा बघ, वीम्स नावाच्या पुस्तकविक्याने रचलेली. तिच्यात झाड आहे, कुऱ्हाड आहे, थोर मनाचा बाप आहे. आईला तिथे कामच नाही.

२००८ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी त्या घराचा पाया शोधून काढला. मातीत भांड्यांचे तुकडे मिळाले, आणि त्यांत फुटल्यावर चिकटवून पुन्हा वापरात घेतलेलंही भांडं आहे. स्तंभापेक्षा ती खापरं मला जास्त भरवशाची वाटतात.

तिच्या हातची पत्रं फार थोडी राहिली. मुलाची मात्र शेकड्यांनी जपली गेली, म्हणून मायलेकांच्या भांडणात आपल्याला बहुतेक एकच बाजू ऐकू येते. तेव्हा एक मागणं आहे. काका गेल्यापासूनच्या तुझ्या जमाखर्चाच्या वह्या, सोसायटीच्या पावत्या, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे केलेले अर्ज, यांतलं काही रद्दीत घालू नकोस. दिवाळीला येईन तेव्हा सगळं घेऊन जाईन. आणि कुठल्या वर्षी कुठल्या रानात काय घेतलंस, ते आठवेल तसं वहीत लिहायला लाग.

तुझी,
सुमी