नरसीत टिकेल ती सायकल

पहिली ट्रायथलॉन करायचीय, असं ऑफिसात सांगून बघा. लंच संपायच्या आत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'कार्बन फ्रेमशिवाय उतरूच नको, बॉस!' दुसरी म्हणते, 'बिल्डिंगखाली धूळ खात पडलेली गिअरवाली आहे ना, तीच ने.' दोन्ही पार्ट्यांत स्वतः ट्रायथलॉन केलेला माणूस सहसा नसतो, ही गोष्ट वेगळी.

२०१५ मध्ये मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, २०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ झाली आणि आपल्याकडे हे वेड चांगलंच पसरलं. पण पहिल्यांदा उतरणाऱ्याचं काम स्प्रिंट अंतराने भागतं. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. मला सायकल हवी होती ती या २० किलोमीटरसाठी. आता नोकरी पुण्यात, पण वर्क फ्रॉम होम मिळालं की मुक्काम नरसी नामदेवला, काकांकडे. म्हणजे प्रॅक्टिसचे खरे किलोमीटर तिथेच पडणार. म्हणून दुकानात जाण्याआधी मी तिथला रस्ता नीट बघून घेतला.

नरसी हिंगोलीपासून पंधरा-सतरा किलोमीटरवर, कयाधू नदीच्या काठी. संत नामदेवांचं, परंपरेने १२७० सालचं, जन्मगाव. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले शीख भाविकही वाकडी वाट करून इथे येतात. गावात पगड्या आणि गांधीटोप्या शेजारी-शेजारी चहा पिताना दिसल्या तर चकित होऊ नका. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले होते. २०२२ मध्ये पंढरपूरहून त्याच घुमानला वारकऱ्यांची सायकलयात्रा गेली, अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. हे कळल्यापासून माझ्या २० किलोमीटरचं कौतुक मी जरा हळू आवाजात करतो.

माझा ठरलेला रूट नरसी, हिंगोली आणि पुढे औंढा नागनाथ. ढोबळमानाने चाळीस किलोमीटर. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढ्याच्या देवळात, असं मानतात. ऑलिम्पिक ट्रायथलॉनमध्ये सायकलचं अंतरही ४० किलोमीटरच असतं. योगायोग, पण मला भारी वाटतो.

मोठा रस्ता ठीक आहे. गंमत त्याला जोडणाऱ्या रस्त्यांवर सुरू होते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली काळी माती डांबरावर पसरते आणि सायकलच्या चाकाला चिकटली की सुटायचं नाव घेत नाही. कडेला बाभळी, म्हणजे काटे आलेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास अर्धा रस्ता वाळत घातलेल्या सोयाबीनचा. त्यावरून पातळ टायर गेलं तर तुम्ही घसरताच, वर शिव्याही खाता. त्याही रास्तच.

आता सायकली. टाइम ट्रायल बाइक म्हणजे ती कोपरं टेकवून, वाकून चालवायची रॉकेटछाप वस्तू. दिसते कडक! पण वाकलेल्या पोझिशनमध्ये ब्रेक हाताशी नसतो. समोर अचानक म्हैस आली तर? कॅन्सल. दुसऱ्या टोकाला जाड टायरची, सस्पेन्शनवाली एमटीबी. खड्ड्यांत मजा, पण सपाट रस्त्यावर पायांची निम्मी ताकद टायर आणि स्प्रिंगच खातात, असं वाटत राहतं. उरल्या दोघी, सरळ हँडलची हायब्रिड आणि वळलेल्या हँडलची रोड बाइक. ताशी २२ किलोमीटरने २० किलोमीटरला साडेचोपन्न मिनिटं लागतात, ताशी २५ ने अठ्ठेचाळीस. हायब्रिडवरून रोड बाइकवर आल्यावर मला पडलेला फरक साधारण एवढा. साडेसहा मिनिटं. पोडियमसाठी धडपडणाऱ्याला तो खूप, फक्त पूर्ण करायची असेल तर काहीच नाही. ज्यांना पुढे ऑलिम्पिक अंतर करायचंय त्यांनी रोड बाइक घ्यावी, बाकीच्यांनी खुशाल हायब्रिड.

बजेट मी साठ हजार धरलं होतं. ईएमआय असला की आकडा टोचत नाही. काकांना टोचला. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. "म्हंजे सव्वाअकरा क्विंटल. आन् हमीभाव तरी कुठं हातात पडतो?" मग म्हणाले, "घे की. पण कशाचे पैसे देतोस ते बघून घे."

तेव्हापासून दुकानातला प्रत्येक टॅग मी क्विंटलमध्येच वाचला. तीन लाखांची टाइम ट्रायल बाइक म्हणजे छप्पन्न क्विंटल, काकांच्या आठ एकरांचं अख्खं पीक. हे गणित डोक्यात असलं की सेल्समनचं 'सर, एअरोडायनॅमिक्स' फारसं ऐकू येत नाही.

मग पैसे द्यायचे कशाचे? आधी साइजचे. शरीराला न बसणारी महाग सायकल पाठ आणि गुडघे दोन्ही धरते. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहा, वरची नळी दोन-तीन सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवा, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. आणि अर्धा तास चालवल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका. दुकानासमोरची एक चक्कर म्हणजे टेस्ट राइड नव्हे.

त्यानंतर टायरची जागा. माझी अट होती, ३२ मिलिमीटरचं टायर बसलं पाहिजे आणि चिखलासाठी जागाही उरली पाहिजे. त्यामुळे डिस्क ब्रेक आला, केबलवर चालणारा, जो मला स्वतःला उघडता येतो. गिअर मागे आठच. यावर मित्र हसले. पण सहा, सात आणि आठ स्पीडला चेन एकाच मापाची चालते, म्हणजे हिंगोलीत साध्या गिअरवाल्या सायकलची चेनही अडीनडीला कामी येईल. अकरा-बारा स्पीडच्या चेनसाठी मला कुरिअरची वाट बघत बसावं लागलं असतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची खरेदी मात्र पितळेची एक टोपी. रोड बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याची नळी त्याला बसतच नाही. ही टोपी लावली की बसते. कॉम्प्रेसरने हवा थोडी-थोडी भरायला सांगायची, एवढंच. सोबत दोन ट्यूब, छोटा पंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि हेल्मेट, ज्याशिवाय रेसमध्ये सायकलला हातही लावू देत नाहीत. पायांत अडकणारे क्लिपवाले पेडल मी घेतले नाहीत. साध्या पेडलवर धावायचेच बूट चालतात, सायकलवरून उतरलं की थेट पळायचं.

शेवटी ॲल्युमिनियमची रोड बाइक चाळीस हजारांत बसली. साडेसात क्विंटल. काकांनी उचलून वजन पाहिलं, पुढचं चाक फिरवून कान लावला आणि कॅरिअर नाही म्हणून नापास केली.

वाचलेल्या वीस हजारांतून पुण्यात पोहण्याचा क्लास लावलाय. नरसीत त्याची सोय नाही, उन्हाळ्यात कयाधूला पाणी नावालाच असतं. ७५० मीटर म्हणजे २५ मीटरच्या टँकला तीस फेऱ्या. सध्या अकरावर अडकलोय.